न पाहिलेला उतारा

परीक्षेला तीन दिवस राहिले असताना ओमनं आजीच्या हातातलं पुस्तक ओढून नेलं, आणि तेवढ्यानं सगळं उघडं पडलं.

दुपारची वेळ होती. अंगणवाडीतली पोरं खिचडी खाऊन घरी गेली की त्याच खोलीत जयाचा वर्ग भरायचा. आठ बाया भिंतीला टेकून बसायच्या, पुढ्यात पाटी, मांडीवर पुस्तक. त्या दिवशी जयाची सासू, छबूबाई, पाचवा पाठ वाचत होत्या. "पहाट झाली. कोंबडा आरवला. आई उठली. आईने अंगण झाडले." आवाज कसा खणखणीत, कुठं अडणं नाही की थांबणं नाही. दीड वर्षाचा ओम डुलत डुलत आला, पुस्तकाचा कोपरा धरून त्यानं हिसका दिला आणि पुस्तक छातीशी धरून दाराकडं सुटला. बाया हसल्या. छबूबाईही हसल्या, पण हसता हसता वाचन काही थांबलं नाही. "आईने चूल पेटवली. चुलीवर चहा ठेवला." हात तसेच मांडीवर, पुस्तक असल्यासारखे. पान संपायच्या जागी त्यांनी बोटाला थुंकी लावली आणि नसलेलं पान उलटलं.

जयाच्या हातातला खडू तसाच राहिला.

तिनं पुस्तक परत आणून मुद्दाम नववा पाठ उघडून त्यांच्यापुढं धरला. छबूबाईंनी पानाकडं बघितलं, घसा साफ केला आणि त्याच चालीत सुरू केलं, "पहाट झाली. कोंबडा आरवला."

आता मात्र कोणी हसलं नाही.

जया प्रौढ शिक्षणाची पदवी करत होती, घरी बसून, दूरशिक्षणानं. तीन वर्षांचा अभ्यास पाच वर्षांत पुरा करायचा, असा नियम. पहिलं वर्ष तिनं संस्कृतीला, थोरल्या लेकीला, मांडीवर घेऊन पास केलं. मग दोन वर्षं ओमच्या वेळच्या दुखण्यांत आणि बाळंतपणात गेली. दुसऱ्या वर्षाचे पेपर तिनं या डिसेंबरात दिले, तेही निघाले. राहिलं होतं ते प्रात्यक्षिक: गावातल्या आठ निरक्षर माणसांचा वर्ग घ्यायचा, साठ दिवसांची हजेरी दाखवायची आणि बाहेरून परीक्षक येतील तेव्हा आठांतल्या पाच जणांनी आधी न पाहिलेला उतारा वाचून दाखवायचा. अडखळत वाचला तरी चालतो, परीक्षकांच्या कागदावर तसा वेगळा रकानाच असतो. पण पाच हवेत. पाच झाले तर तिसऱ्या वर्षाला नाव. चार झाले तर दुसरं वर्ष अपुरं, मग तिसरं पाच वर्षांच्या मुदतीत बसत नाही आणि आजवरचं सगळं बाद. गोरक्षनं, तिच्या नवऱ्यानं, एकदाच पण स्पष्ट सांगितलं होतं, की या खेपेला जमलं तर जमलं, नाहीतर आता बास, लेकरांकडं बघू. तो वाईट बोलला नव्हता. म्हणून तर ते तिच्या मनातून जात नव्हतं.

आणि आता तिला कळलं होतं की तिच्या आठ बायांतल्या पाच जणी वाचत नाहीत, पाठ म्हणतात.

हे कसं झालं ते तिला त्याच रात्री भाकरी थापताना समजलं. जानेवारीत ओमला न्यूमोनिया झाला होता. नगरच्या दवाखान्यात ती त्याच्या उशाशी बारा दिवस होती. वर्गाचे दिवस बुडू नयेत म्हणून छबूबाईंनी वर्ग आपल्या अंगावर घेतला. गावच्या बायकांच्या भजनी मंडळाच्या त्या म्होरक्या. अक्का म्हणतात त्यांना सगळ्या. त्यांना शिकवायची एकच रीत ठाऊक: आपण ओळ सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची, चाल बसेस्तोवर. भजन असंच तर पिढ्यान् पिढ्या आलेलं. बाराव्या दिवशी जया परत आली तेव्हा बाया घडाघडा वाचत होत्या. त्या दिवशी ती दाराशी उभी राहून रडली होती आणि आत्यांच्या, म्हणजे सासूच्या, पाया पडली होती. कुणाचं कुठं चुकलं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी तिनं एकेकीला बाजूला घेऊन तपासलं. पाटीवर नवे शब्द लिहिले, आगपेटी दाखवली, खताच्या गोणीवरची अक्षरं दाखवली. तिघी वाचत होत्या. वरच्या आळीतल्या दोघी जावा, त्या बारा दिवसांत कांदा काढायला श्रीगोंद्याकडं गेलेल्या, त्यामुळं चाल त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आणि तिसरी हाजराबी. हाजराबी नूरुद्दीन गादीवाल्याची बायको, साठीच्या आसपासची. ती भजनात कधी नव्हती, तिला त्या सगळ्यांच्या बरोबरीनं ओळ उचलताच येईना, म्हणून ती मागं बसून बोट अक्षरावर ठेवून एकटीच कुथत राहिली होती. वर्गात तिला सगळ्या हसत. एका ओळीला ती एक विडा चघळायला लागेल एवढा वेळ घ्यायची. पण जी ओळ वाचायची ती कागदावरचीच असायची.

तीन. अजून दोन हव्या होत्या आणि दोन दिवस हातात.

केंद्राचं काम बघणाऱ्या राधाकृष्ण सरांना तिनं मिरजगावला फोन लावला. सर समजूतदारपणे हसले. परीक्षक मॅडमना एका दिवसात चार-पाच गावं करायची असतात, त्या बहुतेक पुस्तकातलाच पाठ ऐकतात आणि सही करतात, उताऱ्याचं पाकीट कोण फोडत बसतं, असं म्हणाले. पाचव्या पाठात खूण घालून ठेवा, म्हणाले. तिनं बरं म्हणून फोन ठेवला आणि पुस्तकात खूण घातलीही. मोरपीस होतं संस्कृतीचं. मग बनुबाईला हाक मारली.

बनुबाई भजनात टाळ धरायची. शेजारीण, गरीब स्वभावाची. जयानं तिच्यापुढचं पुस्तक मिटून टाकलं आणि नुसती पाटी घेतली. अक्षरं तिला येत होती, ती जानेवारीच्या आधीच शिकून झालेली. अक्षरांना जोडून शब्द करायच्या वेळी ती जयाच्या तोंडाकडं बघायची, की पुढची ओळ कोण सांगतंय. जया तोंड फिरवून बसली. ओमला दूध पाजता पाजता, भांडी घासता घासता, दोन दिवस ती बनुबाईकडं पाठ करून बसत होती आणि मागून "पा… पाटी, मा… माती" ऐकत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बनुबाईनं किराणाच्या पुडीचा कागद आणला आणि त्यावरची अर्धी ओळ वाचून दाखवली. चार.

पाचव्या छबूबाई. आणि त्या पाटीला हात लावायला तयार नव्हत्या.

वास्तविक त्यांनाही अक्षरं येत होती. जयाला त्याची खात्री होती. ओमच्या औषधाच्या दोन बाटल्या फळीवर असायच्या, आणि कोणती कधी किती द्यायची ते डॉक्टरांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलेली चिठ्ठी वर भिंतीला चिकटवलेली. जया घरात नसली की छबूबाई संस्कृतीला विचारायच्या. सहा वर्षांच्या नातीला विचारताना तिच्याकडं बघायच्या नाहीत, चुलीकडं बघून विचारायच्या. पण एकदा जयानं खिडकीतून पाहिलं होतं, त्या चिठ्ठीपुढं उभ्या होत्या आणि ओठ हलत होते. चाहूल लागताच बाजूला झाल्या.

तिनं सगळं समजावून सांगितलं. अडखळलं तरी चालतं आत्या, तसा रकाना हाय, असं तिनं तीन वेळा सांगितलं. छबूबाई तांदूळ निवडत राहिल्या. शेवटी सूप खाली ठेवलं.

"पन्नास बायांच्या म्होरं उभी ऱ्हाऊन मी कधी चाल सोडली न्हाई," त्या म्हणाल्या. "आन आता त्यांच्याच म्होरं बोबडं बोलू व्हय? ती हाजरा बोलती तसं?"

"हाजराबी वाचतात, आत्या."

"मंग घे तिला पाच येळा."

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

परीक्षेच्या दिवशी अंगणवाडी शेणानं सारवल्यासारखी स्वच्छ झाली. खरं तर फरशी होती, ती दोघी जावांनी तीनदा पुसली. आठही जणी ठेवणीतली लुगडी नेसून दोन वाजल्यापासून बसल्या होत्या. मॅडमची गाडी साडेतीनला आली. राजेश्वरी मॅडम नगरहून निघालेल्या, कर्जतला दोन केंद्रं करून आलेल्या आणि पाचच्या आत श्रीगोंद्याला पोचायचं होतं. उन्हानं चेहरा लाल झालेला. त्यांनी पाणी मागून घेतलं, हजेरीची वही चाळली, साठ दिवस मोजले, आणि पर्समधून लाखेनं बंद केलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

जया त्या पाकिटाकडं बघत राहिली.

मॅडमनी घड्याळ बघितलं. पाकिटावर नुसता हात ठेवला आणि म्हणाल्या की उशीर झालाय, तर पुस्तकातलाच एखादा पाठ ऐकू, कुठला येतो चांगला?

मोरपिसाच्या जागी पुस्तक आपोआप उघडलं. छबूबाई उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि पाचवा पाठ असा वाचला की गाडीचा ड्रायव्हरसुद्धा दारात येऊन उभा राहिला. बरोबर जागेवर पान उलटलं. मॅडमचा चेहरा मऊ झाला. "वा, आजी," म्हणाल्या आणि पहिल्या रकान्यात बरोबरची खूण केली: ओघवते. मागोमाग बनुबाई, मग बाकीच्या तिघी, त्याच चालीत, त्याच दमात. पाच खुणा. दोघी जावा अडखळत गेल्या, त्यांना मधला रकाना मिळाला. शेवटी हाजराबी. तिनं बोट ठेवलं. "प… हा… ट." थांबली. "झा… ली." बाया सवयीनं खाली बघून हसल्या. मॅडमनी थोडा वेळ वाट बघितली, मग पुन्हा घड्याळ बघितलं.

"असू दे, बसा तुम्ही," त्या म्हणाल्या आणि शेवटच्या रकान्यात फुली मारली. जयाला ती उलटी दिसली, पण दिसली. वाचता येत नाही.

पाच हवे होते, सात झाले होते. फक्त गप्प बसायचं होतं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं, सहीसाठी दुसरा कागद काढला, पुन्हा टोपण काढलं. जयाच्या डोळ्यांपुढं तिसऱ्या वर्षाची पुस्तकं आली, नवी, वासाची. तेवढ्यात हाजराबी खाली बसता बसता बोलली. कुणाला उद्देशून नव्हे. पदराचा काठ दुमडत ती पुटपुटली,

"पन मला येतं."

जयानं ओमला कडेवरून खाली ठेवलं. का ते तिलाही कळलं नाही. हात मोकळे असावेत असं वाटलं.

"मॅडम, ते पाकीट फोडा."

मॅडमनी मान वर केली.

"या पाच जणींना पाठ तोंडपाठ आहे," जया म्हणाली. आता मागं येण्यासारखं नव्हतं. "माझ्याच वर्गात झालंय ते, माझी चूक आहे. हाजराबी खरं वाचतात. त्यांना फुली बसली तर… ते पाकीट फोडा."

छबूबाई जयाकडं बघत होत्या. चाळीस वर्षं गावानं अक्का म्हटलेल्या बाईला तिच्याच सुनेनं, परक्या मॅडमसमोर, ड्रायव्हरसमोर, खोटी ठरवलं होतं. जयानं त्या नजरेला नजर दिली नाही.

मॅडमनी विचारलं, आपण काय बोलतोय ते कळतंय ना, पाच झाले नाहीत तर मला काही करता येणार नाही. जया म्हणाली, कळतंय. मॅडमनी खुणा केलेला कागद आडवा फाडला, कोरा पुढं घेतला. लाख फोडली. आत आठ वेगवेगळे कागद निघाले, प्रत्येकावर चार-पाच ओळींचा वेगळा उतारा, म्हणजे एकीचं ऐकून दुसरीनं म्हणायची सोय नाही.

हाजराबीनं पहिला घेतला. बाजार, लिंबं, भाव. "बा… जारात… लिं… बाचा… भाव… आज… खाली आला." विडा चघळायला लागेल एवढा वेळ. या खेपेला कुणी हसलं नाही. "सखूने… टोपली… घरी… परत… नेली. लोणचे… घातले." कागद खाली ठेवून तिनं मान हलवली. "बरं केलं बाई सखूनं. नायतर लिंबं सडली असती."

मॅडम प्रथमच मोकळ्या हसल्या. मधल्या रकान्यात खूण. एक.

दोघी जावा. दोन, तीन. बनुबाईचा घाम नाकाच्या शेंड्यावरून कागदावर पडला, पण शेवटच्या शब्दापर्यंत ती जयाच्या तोंडाकडं एकदाही वळली नाही. चार. मग राहिलेल्या तिघी. पहिलीनं कागद उलटा-सुलटा करून परत दिला. दुसरीनं दोन शब्द वाचले आणि पदर तोंडाला लावला. तिसरी उठलीच नाही.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"आजी?" मॅडम म्हणाल्या.

छबूबाई भिंतीशी ताठ बसलेल्या. कागद त्यांच्या मांडीवर आला. त्यांनी त्याच्याकडं बघितलंच नाही, समोर भिंतीकडं बघितलं, आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. "पहाट झाली. कोंबडा आरवला."

"आजी, हा कागद."

आवाज थांबला. कधी न थांबलेला आवाज मध्येच थांबला म्हणजे कसा वाटतो ते त्या खोलीतल्या बायांना त्या दिवशी कळलं. बनुबाईनं डोळे मिटून घेतले. छबूबाईंचा जबडा घट्ट मिटलेला होता. जयाला वाटलं, जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं, म्हणावं राहू द्या आत्या, नको मला पदवी. ती उठलीही अर्धी. पण शब्द फुटेना, कारण ते खरं नव्हतं. तिला पदवी हवी होती. फार हवी होती.

दुसऱ्यांदा हॉर्न. मॅडमनी पेन टेबलावर आडवं ठेवलं.

ओम मघापासून मोकळाच होता. डुलत डुलत तो आजीकडं गेला. मांडीवर पांढरा कागद दिसला, त्यानं कोपरा धरला आणि ओढला. छबूबाईंचा हात झटकन खाली आला. त्यांनी कागद घट्ट दाबून धरला.

"थांब रं," त्या म्हणाल्या. "बघू दे मला."

आणि त्यांनी खाली बघितलं.

ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा हलले. एक बोट, भजनात ताल धरणारं, कागदावर टेकलं आणि पहिल्या अक्षराखाली थांबलं.

"वि," छबूबाई म्हणाल्या. "वि… ही… विहीर." आवाज त्यांचा नव्हताच, बारीक होता, लहान पोरीचा असावा तसा. "विहिरीत… मो… टार… अ… ड… कली." मॅडमनी पेन उचललं नाही. "सगळे… वर… बसून… ब… घत… होते." कपाळावरची शीर उभी राहिलेली. पुढच्या शब्दावर त्या अडल्या. बोट मागं नेलं, पुन्हा आणलं. हाजराबी पुढं सरकली, आणि अगदी हळू, एकटीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तोडून घ्या, अक्का. मी तोडूनच घेते." छबूबाईंनी तिच्याकडं रागानं बघितलं. मग तोडून घेतलं.

"म्हा… ता… री." थांबल्या. मान वर करून मॅडमकडं बघितलं. "कोन म्हातारी?"

"पुढं वाचा, आजी."

"एक… म्हातारी… म्हणाली… दोर… आ… णा." त्यांनी कागद उलटा करून मागं काही आहे का ते बघितलं. काही नव्हतं. "एवढंच?"

"एवढंच," मॅडम म्हणाल्या.

पाच.

मॅडमनी जाताना जयाला फक्त एवढंच सांगितलं की पुढच्या वर्षी अशी जोखीम घेऊ नकोस, आणि सांगताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. गाडीची धूळ मिरजगावच्या रस्त्याला लागली. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या, बनुबाई रडली, हाजराबीनं पानाची चंची काढून मोठ्या मनानं सगळ्यांना सुपारी वाटली. छबूबाई चप्पल घालून एकट्याच घराकडं चालू लागल्या होत्या.

त्या जयाशी बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सांगायचं असेल ते संस्कृतीतर्फे सांगायच्या. तुझ्या आईला सांग, कालवण झालंय. तुझ्या आईला सांग, शेळी सुटली. गोरक्षनं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, काय न्हाई, आमी आडानी मानसं. जया भाकरी थापत राही. माफी मागावी असं तिच्या चारदा ओठांवर आलं. पण कशाची मागायची, बोलल्याची की पाच झाल्याची, हे तिला ठरवता येईना.

पाचव्या दिवशी ती गोरक्षच्या टेम्पोतून, लिंबाच्या पोत्यांशेजारी बसून, मिरजगावला गेली. तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरला. पावती ब्लाउजात जपून आणली. परत यायला चार वाजले. ओमला सकाळपासून कणकण होती, म्हणून ती घाईनं अंगणात शिरली, आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.

आत छबूबाई फळीपुढं उभ्या होत्या. ओम एका कडेवर, दुसऱ्या हातात बाटली. संस्कृती जवळच खेळत होती, तिला त्या काही विचारत नव्हत्या. त्यांची पाठ दाराकडं होती, पण टेम्पोचा आवाज त्यांनी ऐकला असणार, कारण त्या उगाच मोठ्यानं वाचत होत्या, दारापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं, रागानं, एकेक अक्षर तोडून.

"ता… प… आ… ला… तर… ला… ल… बाट… ली." बाटली डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. तांबडीच होती. "अर… धा… चम… चा."

त्यांनी अर्धा चमचा भरला, उजेडात धरून पाहिला, आणि ओमच्या तोंडात घातला.